छप्पर सोडून बाकीचं स्टेडियम

मी नव्या फुटबॉल स्टेडियमच्या कामावर होते असं कळलं की माणसं हमखास छपराबद्दल विचारतात. किती उंच, किती टन, मध्ये खांब नसताना उभं कसं राहतं? त्यांचं चुकत नाही. वेम्बलीची १३३ मीटर उंच कमान किंवा म्युनिकच्या आलियान्झ अरेनाचं रात्री उजळणारं आवरण लांबून दिसतं आणि फोटोत छान येतं. माझं काम छपराखालचं होतं. प्रेक्षकांच्या बैठकांचा घेर, म्हणजे आमच्या बोलीत ‘बाउल’, तो उचलून धरणारं काँक्रीट आणि त्यातून माणसांना आत-बाहेर नेणाऱ्या वाटा. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. पहिल्या आराखड्यापासून पहिल्या भरलेल्या सामन्यापर्यंत या कामावर राहिले आणि माझं मत पक्कं झालं: स्टेडियमची ओळख छप्पर ठरवतं, पण त्यात बसणं सुखाचं होणार की नाही, हे नजरेच्या काही मिलिमीटरांवर आणि जिन्यांच्या रुंदीवर ठरतं. तेही फार लवकर, छपराचं पहिलं चित्र रंगवून व्हायच्या आत.

सुरुवात मैदानापासून होते. १०५ बाय ६८ मीटर, आंतरराष्ट्रीय सामन्यांचं ठरलेलं माप. त्याभोवती वेगात आलेल्या खेळाडूला थांबायला, राखीव खेळाडूंना अंग मोकळं करायला, फोटोग्राफरना आणि जाहिरातींच्या फळ्यांना जागा सोडायची. मैदानाची लांबी शक्यतो उत्तर-दक्षिण ठेवायची, म्हणजे कलत्या उन्हात कुठल्याच गोलकीपरच्या डोळ्यांवर सूर्य येत नाही. मुख्य कॅमेरे पश्चिमेच्या स्टँडमध्ये लावायचे, म्हणजे दुपारनंतर त्यांची पाठ उन्हाकडे राहते. इथपर्यंत सगळे माना डोलावतात. पहिली रांग टचलाइनपासून, म्हणजे मैदानाच्या लांब बाजूच्या रेघेपासून, किती लांब ठेवायची, हे विचारलं की बैठक तापते.

क्लायंटला प्रेक्षक मैदानाला खेटून हवे होते. मागणी रास्त होती. आवाज, दडपण, जवळीक सगळं त्यातूनच येतं. पण जवळ जाण्याची किंमत उंचीत मोजावी लागते. मागच्या माणसाच्या डोळ्यापासून टचलाइनपर्यंत एक सरळ रेघ ओढा. ती पुढच्या माणसाच्या डोळ्याच्या जितकी वरून जाते, ते अंतर म्हणजे ‘सी व्हॅल्यू’. १२० मिलिमीटर मिळाले तर उत्तम, ९० मिळाले तर चालतं. ६० वर आलात की माणूस पुढच्या दोन डोक्यांच्या फटीतून सामना बघतो आणि कॉर्नर किक आली की उभा राहतो. तो उभा राहिला की त्याच्या मागचे सगळेच उभे राहतात.

हिशेब शाळेतल्या समरूप त्रिकोणांचाच आहे. समजा पहिल्या रांगेतल्या माणसाचा डोळा टचलाइनपासून १० मीटर लांब आणि मैदानापासून २ मीटर उंच आहे. पायरीची खोली ८०० मिलिमीटर, उंची ३००. मागच्या माणसाला सी मिळतो सुमारे १३०. आता तोच स्टँड एक मीटर पुढे ओढा; सी ११२ वर येतो. तो परत १३० करायला पायरी १९ मिलिमीटरनं उंच करावी लागते. एका पायरीला १९ म्हणजे काहीच वाटत नाही. पण त्यामागे तीस-चाळीस रांगा असतात आणि प्रत्येक रांग आपल्या पुढच्या रांगेच्या खांद्यावर उभी असते. खाली वाचवलेला एक मीटर वरच्या टोकाला मीटरभर जास्त उंची मागू शकतो. मग खांब वाढले, वाऱ्याचा भार वाढला, पाया वाढला, आणि छप्परही वर सरकलं.

शिवाय उंचीला वरून टोपी आहे. ३४ अंशांपेक्षा जास्त चढाचा स्टँड करू नये, असं मार्गदर्शक नियम सांगतात. ३४ अंश म्हणजे ८०० मिलिमीटर खोलीला ५४० ची पायरी. पहिल्यांदा त्या उतारावर उभी राहिले तेव्हा हात आपोआप कठड्याकडे गेला. लांबी मागे पसरवावी तर शेवटचा प्रेक्षक मैदानाच्या पलीकडच्या कोपऱ्यापासून १५० मीटरच्या आत राहिलेला बरा, आणि १९० च्या पलीकडे तर चेंडू दिसतो म्हणणंच धाडसाचं. या सगळ्या भिंतींच्या मधोमध बाउल बसवायचा असतो. आमच्याकडे त्यासाठी संगणकावर एक आज्ञावली होती. पहिल्या रांगेचं अंतर बदललं की क्षणात चाळीसेक हजार खुर्च्यांचा सी नव्यानं मांडून ती लाल-पिवळ्या-हिरव्या रंगांत दाखवायची. आर्किटेक्टला त्या रंगांचा इतका नाद लागला की कोपऱ्यातल्या चार लाल खुर्च्यांसाठी तो संध्याकाळ घालवी. मला ते आवडायचं. त्या खुर्च्यांची तिकिटं कुणीतरी घेणारच असतं.

हे जरा स्थिरावतंय तोच जाहिरातीच्या बाजूनं निरोप आला की मैदानाकडेच्या इलेक्ट्रॉनिक फळ्या ९० सेंटिमीटर उंचीच्या असतील. आम्ही धरल्या होत्या त्याहून उंच. पहिल्या रांगेच्या माणसाची दृष्टिरेषा टचलाइनपासून ४ मीटरवर जमिनीपासून ८० सेंटिमीटर उंच असते, ५ मीटरवर ती एक मीटर होते. म्हणजे फळी ४ मीटरवर उभी केली तर पुढच्या रांगांना टचलाइन दिसणारच नाही. ५ वर सगळं ठीक. एका मीटरसाठी बैठकांवर बैठका झाल्या. तो मीटर शेवटी फोटोग्राफरच्या पट्टीतून निघाला, आणि फोटोग्राफरांच्या वतीनं बोलायला त्या खोलीत कुणी नव्हतं. पुढे त्यांनी आम्हाला भरपूर ऐकवलं.

नजरेचा प्रश्न सुटला की जिन्यांचा. छपरानंतर लोकांना कंटाळवाणा वाटणारा पहिला विषय हाच, आणि मला विचाराल तर स्टेडियममधला सर्वांत गंभीर. सामान्य परिस्थितीत अख्खा स्टँड आठ मिनिटांत मोकळा झाला पाहिजे, हा ब्रिटनच्या ‘ग्रीन गाइड’चा, म्हणजे क्रीडामैदानांच्या सुरक्षेच्या मार्गदर्शिकेचा, नियम आहे आणि अनेक देशांतले डिझायनर तो समोर ठेवतात. एक मीटर रुंदीच्या जिन्यावरून मिनिटाला ६६ माणसं उतरतात असं धरायचं, सपाट वाटेवर ८२. आठ मिनिटांत जिन्याच्या एका मीटरवरून ५२८. चाळीस हजार माणसं असतील तर नुसत्या जिन्यांची एकूण रुंदी ७६ मीटरच्या आसपास जाते. आर्किटेक्टला तिथे दुकानं हवी असतात, क्लायंटला खास पाहुण्यांचे कक्ष. ७६ मीटर म्हटलं की सगळ्यांचे चेहरे पडतात.

हे आकडे आकाशातून पडलेले नाहीत. २ जानेवारी १९७१ रोजी ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर ‘स्टेअरवे १३’ नावाच्या जिन्यावर चेंगरून ६६ माणसं गेली. शेवटच्या क्षणी गोल झाला म्हणून बाहेर पडलेले लोक उलटे फिरले आणि उतरणाऱ्यांवर आदळले, अशी गोष्ट पुढे वर्षानुवर्षं सांगितली गेली. चौकशीत ती टिकली नाही. सगळे एकाच दिशेनं, खालीच चालले होते. कुणीतरी पडलं आणि वरून येणारा लोंढा थांबू शकला नाही. त्याच जिन्यावर १९६१ मध्येही दोघांचा जीव गेला होता. या दुर्घटनेच्या चौकशीनंतर १९७३ मध्ये ग्रीन गाइडची पहिली आवृत्ती निघाली. उलट फिरलेल्या लोकांची गोष्ट मला अजून सतावते, कारण तिच्यात दोष गर्दीवर जातो आणि जिना सुटतो. प्रत्येक स्टेडियमच्या बैठकीत कुणीतरी ‘लोक शिस्तीत उतरले तर’ असं वाक्य सुरू करतंच. लोक शिस्तीत उतरले तर कुठलाही जिना पुरतो.

आमच्या इथे खरा खटका उडाला तो जाळीवरून. सुरक्षा पाहणाऱ्या सल्लागारांना स्टँड आणि मैदान यांच्यामध्ये उंच जाळी हवी होती. चाहते मैदानात उतरतात, खेळाडूंना धोका होतो. त्यांची काळजी खोटी नव्हती. मी दोन घटना शेजारी शेजारी मांडल्या. ११ मे १९८५ ला ब्रॅडफर्डमध्ये लाकडी स्टँडला आग लागली. ५६ माणसं गेली, त्यातली बरीच मागच्या बंद दरवाजांकडे धावलेली होती. पण पुढे जाळी नव्हती, म्हणून हजारो लोक मैदानात उड्या टाकून वाचले. १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर पुढे जाळी होती आणि माणसं तिच्यावर दाबली जाऊन मेली; मृतांचा आकडा शेवटी ९७ वर गेला. त्यानंतर इंग्लंडमधल्या जाळ्या निघाल्या, आणि या दुर्घटनेच्या चौकशीच्या टेलर अहवालामुळे मोठ्या मैदानांतली उभ्यानं बघायची जागाही गेली. १९६४ मध्ये पेरूतल्या लिमात अश्रुधुरातून पळालेले लोक जिन्यांच्या तळाशी बंद शटर्सवर अडकून तीनशेहून जास्त गेले, आणि २०२२ मध्ये इंडोनेशियात कांजुरुहानला पुन्हा अश्रुधूर, पुन्हा अरुंद दरवाजे, १३५ मृत्यू. बैठकीत एवढं बोलून झाल्यावर सल्लागारांपैकी एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, “मॅडम, मग पहिली रांगच वर घ्या. उडी मारायला अवघड पडेल एवढी, अडकून पडेल इतकी नाही.” पहिली रांग आम्ही तशी आधीच वर घेतली होती, नजरेसाठी. मग जाळीऐवजी कमरेएवढा कठडा आणि त्यात मैदानाकडे उघडणारी फाटकं ठरली. कुलपाशिवाय, प्रत्येक फाटकावर एक माणूस.

गवताकडे माझं काही काम नाही असं मी समजत होते. पण स्टेडियममध्ये गवताचं सगळ्यांशी काम असतं. प्रेक्षकांना ऊन-पाऊस लागू नये म्हणून छप्पर पुढे ओढावं, तर तेच छप्पर गवताचं ऊन खातं, आणि उंच स्टँड वारा अडवतात. ॲमस्टरडॅमचं अरेना १९९६ मध्ये उघडलं आणि पहिल्या वर्षांत तिथली हिरवळ पुन्हा पुन्हा बदलावी लागली. नव्या वेम्बलीलाही २००७ नंतर तेच भोगावं लागलं. आमच्या ग्राउंड्समननं सावलीचा नकाशा पाहिला आणि छपराच्या आतल्या पट्ट्यावर बोट ठेवून एवढंच म्हणाला, “हे पारदर्शक करा, नाहीतर मला दिवे द्या.” त्याला दोन्ही मिळालं. ज्या बाजूनं ऊन येतं तिथला छपराचा कडेचा भाग पारदर्शक झाला, कोपऱ्यांत वारा शिरायला फटी ठेवल्या, आणि गवतावर फिरवायच्या दिव्यांच्या गाड्यांसाठी वीज आणि ठेवायला जागा आली. मैदानाखाली वाळूमिश्रित मातीचा थर, त्याखाली खडी, त्याखाली नळ. आणि गवतात उभे शिवलेले कृत्रिम धागे, म्हणजे मुळं त्यांना धरून राहतात आणि ढेकूळ उखडत नाही.

बांधकामाचा बराचसा काळ सांगण्यासारखा नाही. पाईल, पाईल कॅप, खांब, सळ्या, काँक्रीटची वाट बघणं. मजा सुरू झाली तिरप्या बीम उभ्या राहिल्यावर. या दातेरी बीमवर प्रीकास्ट पायऱ्या ठेवत जायच्या. कारखान्यातून ट्रेलरवर येणारे लांबलचक काँक्रीटचे तुकडे, प्रत्येकावर नंबर, क्रेन तो उचलून नेमक्या दातावर बसवते. इथे कागदावरचा सी व्हॅल्यू खरा होतो किंवा होत नाही. सर्व्हेअर रोज बसवलेल्या पायऱ्यांच्या लेव्हल पाठवायचे आणि मी त्या आज्ञावलीत भरायचे. एका ब्लॉकमध्ये बीम ओतणाऱ्या टोळीनं दात किंचित उतरते ठेवले होते आणि हिरवे ठिपके पिवळे होऊ लागले. खाली पट्ट्या सरकवून ते सावरलं. मिलिमीटरांसाठी भांडणारी बाई अशी माझी ख्याती तिथून झाली.

पाण्यानं जास्त छळलं. स्टँडची पायरी म्हणजे खालच्या खोल्यांचं छप्पर. खाली वीज-पॅनल, स्वच्छतागृहं, खेळाडूंच्या खोल्या. दोन प्रीकास्ट तुकड्यांमधला सांधा हलता ठेवावाच लागतो. काँक्रीट उन्हात वाढतं: १०० मीटरला तापमानात ३० अंशांचा फरक पडला तर तीन-साडेतीन सेंटिमीटर. म्हणून अख्खा घेर मध्ये मध्ये कापून सुटा ठेवलेला असतो आणि त्या फटी लवचीक पट्ट्यांनी बुजवतात. पट्ट्या बसवणाऱ्या उपकंत्राटदारानं ओल्या काँक्रीटवरच काम उरकलं होतं. पाणी तुंबवून चाचणी घेतली तर खालच्या छतांतून धारा लागल्या. “सर, पावसात एवढं पाणी साचत नाही हो,” हे उत्तर माझ्या शेजारी उभ्या पुरुष सहकाऱ्याला मिळालं, प्रश्न मी विचारला असूनही. सगळ्या पट्ट्या काढून, सांधे वाळवून पुन्हा बसवायला लावल्या.

आता छपराबद्दल, कारण तुम्ही विचारणारच. आमचं छप्पर सायकलच्या चाकासारखं होतं: बाहेर पोलादाची दाबात असलेली रिंग, आत ताणातली केबलची रिंग, मध्ये आरे. १९९३ मध्ये श्टुटगार्टच्या स्टेडियमवर हीच कल्पना वापरली गेली आणि मग जगभर पसरली. यात मध्ये खांब लागत नाही आणि बाहेरची ओढ आतल्या ओढीनं फिटते. केबल आधी मैदानावर आणि पायऱ्यांवर अंथरून जोडल्या, मग प्रत्येक आऱ्याच्या टोकाला हायड्रॉलिक जॅक लावून सगळ्या एकदम, पण हळूहळू, वर ओढल्या. वाऱ्याचा अंदाज अनुकूल असेल तेवढाच वेळ काम. एक जॅक पुढे गेला तर रिंग वाकडी ओढली जाते, म्हणून नियंत्रण खोलीत प्रत्येक जॅकचा ताण आणि लांबी पडद्यावर. बघायला आलेल्या पाहुण्यांची निराशा झाली. तासभर पाहिलं तरी काही हालल्यासारखंच दिसत नव्हतं. माझ्यापुरतं त्यात काळजीचं एकच कारण होतं. बाहेरची रिंग दाबाखाली आखडते आणि तिला धरणारे खांब आत झुकतात, म्हणून ते मुद्दाम थोडे बाहेर कलते उभे केले होते. उचल पूर्ण झाल्यावर सर्व्हेअरनं मापं घेतली, खांब जिथे यायला हवे होते तिथे आले होते. आर्किटेक्टनं त्या दिवशी मला पहिल्यांदा नावानं हाक मारली.

वरचा टियर, म्हणजे बैठकांचा वरचा मजला, खालच्या टियरवर पुढे अधांतरी झुकलेला असतो आणि गाणी म्हणत उड्या मारणाऱ्या गर्दीचा ताल सेकंदाला दोनच्या आसपास असतो. स्टँडची स्वतःची हलण्याची लय त्या तालाच्या किंवा त्याच्या दुपटीच्या जवळ आली तर हेलकावे वाढत जातात. ऑक्टोबर २०२१ मध्ये नेदरलँड्समधल्या नाइमेखन इथे पाहुण्या संघाचे चाहते जल्लोषात उड्या मारत असताना स्टँडचा एक भाग खाली बसला. सुदैवानं कुणी गंभीर जखमी झालं नाही. ते चित्रण आमच्या कार्यालयात सगळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून गणितावर न थांबता आम्ही वरच्या टियरवर कंपनमापक लावले आणि साइटवरच्या माणसांना तालमापकाच्या टकटकीवर उड्या मारायला लावलं. मुकादमापासून क्रेनवाल्यापर्यंत सगळे हौसेनं आले. पहिल्या मिनिटात ताल सापडेना, मग कुणीतरी गाणं सुरू केलं आणि शेकडो पाय एकदम पडायला लागले. तालमापकापेक्षा गाणं कितीतरी चांगलं चाललं, आणि तीच खरी चिंतेची गोष्ट. मोजलेली लय सुदैवानं गणितापेक्षा जरा वरच, म्हणजे उड्यांच्या तालापासून आणखी लांब, निघाली. खुर्च्या, कठडे, भिंती यांचा कडकपणा गणितात धरलेला नसतो.

उघडण्याआधी चाचणीचे सामने होतात. आधी थोडे प्रेक्षक, मग जास्त. टॉटनहॅमनं २०१९ मध्ये आपलं नवं मैदान असंच उघडलं होतं, आधी तरुणांचा सामना आणि मग जुन्या खेळाडूंचा. आमच्या पहिल्या सामन्यात मी एका क्षणीही मैदानाकडे पाहिलं नाही; व्हॉमिटरीच्या तोंडाशी, जिथून बोगदा स्टँडमध्ये उघडतो, तिथे उभी राहून लोकांचे पाय बघत होते. काय काय निघालं! ब्लॉकचे नंबर दिव्याच्या झोतामुळे वाचता येत नव्हते. स्वच्छतागृहाची रांग जिन्याच्या पायथ्याशी यायची आणि आमच्या मोठ्या कष्टानं मिळवलेल्या रुंदीतला मीटरभर भाग गिळून टाकायची. एका कोपऱ्यात सगळे एकाच जिन्याकडे वळत होते, कारण शेजारचा तितकाच रुंद जिना एका जाहिरातीच्या खांबामागे लपला होता.

परवान्याचा हिशेब सरळ आहे. स्टँडमध्ये किती मावतात, ठरलेल्या वेळात किती आत येतात, किती बाहेर पडतात, आणीबाणीत किती निघू शकतात. या चारपैकी सर्वांत लहान आकडा म्हणजे तुमची क्षमता. आत येण्यासाठी एका फिरत्या फाटकातून तासाला ६६० च माणसं धरतात, त्यामुळे चाळीस हजारांना तासाभरात घ्यायचं तर साठाच्या वर फाटकं लागतात. ती आमच्याकडे होती. अडलो बाहेर पडण्यात. त्या एका कोपऱ्यामुळे परवान्यावरचा आकडा जाहिरातीतल्या आकड्यापेक्षा कमी आला आणि काही ब्लॉक बंद ठेवून पहिले सामने खेळवले गेले. क्लायंटच्या माणसानं मला विचारलं, एका खांबासाठी एवढ्या खुर्च्या रिकाम्या? हो म्हटलं. खांब हलवला, रांगेसाठी वेगळा कठडा घातला, नंबरांच्या पाट्या फिरवल्या, पुन्हा सामना भरवून जिने मोजले आणि मग राहिलेल्या ब्लॉकचा परवाना आला.